कोयता : एका अवजाराचा आणि एका हिशेबाचा इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो आणि पुढे त्यांचाच विषय आयुष्यभर शिकवला. ऐतिहासिक व्याख्यान म्हटले की श्रोत्यांची काही एक अपेक्षा असते. ताम्रपट यावेत, किल्ले यावेत, निदान एखादी तलवार तरी यावी. आज मी आपल्यापुढे कोयता घेऊन आलो आहे. लोहाराच्या ऐरणीवर घडलेले, लाकडी मुठीचे, वीतभर किंवा थोडे अधिक लांबीचे हे जाड पाते आपल्या सीमाभागातल्या कोणत्याही आठवडी बाजारात मिळते. त्याचा इतिहास सांगण्याजोगा आहे काय, याचा निर्णय व्याख्यान संपल्यावर आपण करावा.

प्रथम वस्तूची ओळख. विळा पातळ असतो आणि तो ओढून कापतो. कुऱ्हाड वजनाने तोडते, पण तिला दोन हात आणि मोकळी जागा लागते. कोयता या दोहोंच्या मधला आहे. एका हाताने चालवायचा, घाव घालायचा, आणि प्रसंगी टोकाच्या वळणाने तोडलेली वस्तू पुढे ओढून घ्यायची. कोकणात व गोमंतकात त्याची धाकटी बहीण कोयती भेटते. कमरेला आकडी आणि आकडीला कोयती अडकवलेला माणूस हे तिकडचे नित्याचे दृश्य. नारळ सोलण्यापासून कुंपणाची काटेरी शिरी छाटण्यापर्यंत सारे ती करते. घाटावरचा कोयता मात्र गेल्या शंभर वर्षांत एका पिकाशी असा काही बांधला गेला, की आता त्याचे नाव घेताच ऊस डोळ्यांपुढे येतो.

शब्दाविषयी दोन वाक्ये बोलल्यावाचून मला पुढे जाववत नाही. कन्नडमध्ये ‘कोय्’ या धातूचा अर्थ कापणे, कापणी करणे असा आहे. तमिळ आणि मल्याळम् या भाषांतही तो त्याच अर्थाने नांदतो. मराठी ‘कोयता’ त्याच गोतातला आहे, असे मला स्पष्ट दिसते. ज्या सीमेवरून आपण १९५६ पासून भांडत आलो, त्या सीमेच्या दोन्ही अंगांच्या शेतकऱ्यांच्या हातात एकाच धातूतून निघालेले अवजार असावे, याची मला व्यक्तिशः गंमत वाटते. असो.

आता घडण. जुन्या काळी सह्याद्रीच्या माथ्यावर धावड नावाचे लोक जांभ्या दगडातून लोखंड गाळीत. महाबळेश्वराच्या परिसरात त्यांची वस्ती होती. लोखंड गाळायला कोळसा लागतो आणि कोळशाला जंगल. एकोणिसाव्या शतकात सरकारने जंगले राखीव करण्यास आरंभ केला, १८७८ च्या वनकायद्याने ती पकड घट्ट झाली, आणि त्याच सुमारास विलायती लोखंड बंदरातून स्वस्त येऊ लागले. धावडांच्या भट्ट्या विझल्या. गावच्या लोहाराला मग बाहेरून आलेल्या लोखंडावरच हात चालवावा लागला. स्वातंत्र्यानंतर रस्त्यांवर मालमोटारी वाढल्या आणि त्याला एक उत्तम कच्चा माल आपोआप मिळाला. तुटलेले कमानपाटे! मालमोटारीच्या चाकावरचा तो पाटा लाखो हिसके सोसण्यासाठी बनवलेला असतो. त्याचे पोलाद लवचीक आणि चिवट. आज बाजारात ‘पाट्याचा कोयता’ म्हणून जो दोन पैसे अधिक देऊन घेतला जातो, तो हाच.

आमच्या गावच्या वेशीजवळच्या लोहाराच्या पालासमोर मी लहानपणी बराच वेळ वाया घालवला, असे घरच्यांचे मत होते. तेथे जे पाहिले ते सांगतो. पाट्याचा तुकडा कोळशात केशरी होईपर्यंत तापवतात. भाता ओढायला घरची बाई, घण मारायला पुन्हा तीच किंवा थोरला मुलगा, आणि सांडशीत धरलेले लोखंड फिरवीत हातोडीने ‘येथे मार’ अशी खूण करणारा लोहार. पात्याची पाठ जाड ठेवायची, धारेकडे उतार द्यायचा, टोक किंचित आत वळवायचे, मागची निमुळती शेपटी मुठीत ठोकण्यासाठी राखायची. मूठ बाभळीची, आणि ती फाटू नये म्हणून तोंडाशी लोखंडी शेंबी. एवढे होईपर्यंत कोणताही होतकरू मुलगा ते करू शकतो. खरी परीक्षा पाणी पाजण्याची.

पाते पुन्हा लाल करून लोहार केवळ धारेची पट्टी पाण्यात धरतो, पाठ बाहेर ठेवतो. धार कडक होते, पण त्या क्षणी ती काचेसारखी ठिसूळही असते. म्हणून तो पाते लगेच उचलून दगडावर घासतो आणि घासलेल्या पांढऱ्या पट्टीकडे टक लावून पाहतो. पाठीत उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते. पट्टीवर आधी गवतासारखा पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर थांबवले तर धार कडक राहते पण दगड लागताच तिचे दात पडतात. निळ्यावर गेले तर दात पडत नाहीत, मात्र धार मुडपते. कोणत्या रंगाला पाते दुसऱ्यांदा पाण्यात घालायचे, हे कोयता कशासाठी हवा यावर ठरते. धातुशास्त्राच्या पुस्तकात ज्याला उष्णतेचे नेमके अंश दिलेले असतात, ते लोहार रंगावरून ओळखतो. आणि रंग नीट दिसावा म्हणून पालात अंधार राखतो. तो अंधार गरिबीचा नव्हे, कामाचा आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

उसासाठी मऊ बाजूला झुकलेले पाणी लागते, आणि याचे कारण उसाच्या शरीररचनेत आहे. उसाच्या बुडख्याकडच्या कांड्यांत साखर अधिक, शेंड्याकडे कमी. म्हणून तोड जमिनीलगत झाली पाहिजे. चार बोटे बुडखा वर राहिला तर कारखान्याची साखर बुडते आणि शेतकऱ्याचा खोडवाही नीट फुटत नाही. तेव्हा तोडणारा माणूस कमरेत वाकतो, डाव्या हाताने ऊस धरतो आणि कोयत्याचा घाव मातीला भिडवतो. प्रत्येक घावात माती आहे, खडा आहे. तोडलेल्या उसाचे पाचट पात्याच्या पाठीने खरवडायचे, शेंड्याकडचे वाढे एका फटक्यात उडवायचे. असे दिवसातून हजारो वेळा. पात्याचे वजन असे हवे की घाव त्याचा त्याने पडावा. हलके पाते खांदा दुखवते, जड पाते मनगट. सराईत तोडकरी बाजारात कोयता घेताना धार पाहत नाही, तळहातावर पाते आडवे ठेवून तोल पाहतो. धार काय, ती कानशीने रोज संध्याकाळी लावायचीच असते.

या रोजच्या कानशीमुळेच हे अवजार इतिहासकाराच्या हाती लागत नाही. तलवार म्यानात राहते आणि टिकते. संग्रहालयांची दालने तिने भरली आहेत. कोयता वापराने झिजतो. एका हंगामात बोटभर रुंदी कमी होते. पाते फारच अरुंद झाले की त्याचे खुरपे होते, खुरपे झिजले की ते भंगारात जाते. शंभर वर्षांपूर्वीचा चालता कोयता आपणांस कोठेही पाहावयास मिळणार नाही, कारण तो कामात संपून गेला. ज्या वस्तूंनी सर्वाधिक काम केले त्या सर्वांत कमी शिल्लक राहतात. म्हणून कोयत्याचा इतिहास शोधताना मी लोखंड सोडले आणि चोपड्यांकडे वळलो. ऊसतोडीच्या हिशेबाच्या चोपड्यांत हा शब्द पानोपानी येतो. मात्र तेथे त्याचा अर्थ निराळा आहे.

तेथवर पोहोचण्यासाठी थोडे मागे जाऊ. दख्खनच्या कोरड्या पठारावर उसाचे मोठाले फड उभे राहिले ते कालव्यांमुळे. नीरेचा डावा कालवा १८८५ चा. पुढे प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, भाटघरचे नवे धरण १९२८ मध्ये. दुष्काळ निवारण हा मूळ हेतू. पाणी मात्र उसाला गेले. १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि खाजगी कारखान्यांची रांग लागली. आपल्या जिल्ह्यात कृष्णाकाठी उगार शुगर वर्क्स १९३९ साली नोंदली गेली. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला, आणि त्यानंतरच्या सहकारी कारखान्यांची कथा आपणां सर्वांना पाठ आहे. ती अनेकदा सांगितली गेली आहे, पुतळ्यांच्या रूपाने चौकाचौकांत उभी आहे. तिच्यावर मी वेळ घेत नाही.

त्या कथेत एक प्रश्न क्वचित विचारला जातो : एवढा ऊस तोडला कोणी? कारखान्याचे गाळप दिवसरात्र चालते. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर घटू लागते, म्हणून तोड, भरणी आणि वाहतूक एका दमात व्हावी लागते. चारपाच महिने अशी खात्रीची, रात्रीबेरात्री हाक मारली तरी उभी राहणारी माणसे गावात मिळत नाहीत. गावच्या मजुराला घर असते, सण असतो, ‘आज येत नाही’ म्हणण्याची सोय असते. कारखान्यांना सोय नसलेली माणसे हवी होती, आणि ती बालाघाटाच्या डोंगराळ, कोरडवाहू पट्ट्यात सापडली. बीड जिल्हा, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील पाथर्डीचा भाग आणि आसपासचे तालुके. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ फार वाढला. दसरा झाला की टोळ्या निघतात, त्या सांगली, कोल्हापूर आणि सीमा ओलांडून आपल्या बेळगाव जिल्ह्यात येतात. विजापूरकडूनही येतात.

या टोळ्या ठरवतो मुकादम. आणि तो माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. ‘दहा कोयते’ म्हणजे दहा पाती नव्हेत आणि दहा माणसेही नव्हेत, दहा जोडपी. एक नवरा आणि एक बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर तो ‘अर्धा कोयता’. हंगामापूर्वी जी आगाऊ रक्कम मिळते, ती उचल, कोयत्यामागे ठरते. अलीकडे ती लाखाच्या आसपास आणि कधी त्याहून अधिक असते. ती घेणारा बहुधा पुरुष, चोपडीत नाव पुरुषाचे, आणि फेडणारी दोघे. हंगामभर तोडलेल्या टनांतून ती वळती करायची. काम चुकलेल्या दिवसाचा ‘खाडा’ लागतो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंड.

अवजारावरून माणसाला नाव पडणे भाषेला नवे नाही. नांगऱ्या, बेलदार, पखाली अशी नावे आपल्याकडे कितीतरी आहेत. पण त्या नावांत अवजार बाळगणारा माणूस दिसतो. येथे अवजाराचेच नाव दोन माणसांना मिळून दिले आणि माणूस पुसला गेला. या व्यवहाराची मोडणी मला विलक्षण वाटते. पातेही कोयता, जोडपेही कोयता, आणि हिशेबाचे मापही कोयता.

हे मराठवाड्यापुरते आहे असेही नाही. दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या साखर कारखान्यासाठी खानदेशातून मजूर जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात तेथे राहून अभ्यास केला, आणि तेथेही कामाचे एकक ‘कोयता’च असल्याचे नोंदवले : पुरुष, स्त्री आणि पुष्कळदा जोडीला एक मूल. मराठी माणसाने बडोद्याला दरबार नेला, इंदूर-ग्वाल्हेरला संस्थाने नेली, हा इतिहास आपण अभिमानाने शिकवतो. हा एक मराठी शब्दही सीमा ओलांडून गुजरातेत गेला आणि रुजला. त्याचाही उल्लेख कोठेतरी व्हायला हवा, म्हणून येथे केला.

आता जोडप्यातील कामाची वाटणी पाहा. पाते मुख्यतः पुरुषाच्या हाती; अनेक बायकाही सफाईने तोडतात. पण पाचट काढणे, उसाच्या मोळ्या बांधणे, त्या डोक्यावर घेऊन फडाबाहेर आणणे आणि फळीवरून चढत गाडी भरणे, हे बाईच्या वाट्याला. पहाटे कोपीवरचा स्वयंपाक तिचा, पाणी तिचे, तान्हे मूल तिचे. दोघे मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडतात असे मानले जाते, आणि मजुरी टनावर मिळते. तिच्या नावाची वेगळी मजुरी नाही, कारण हिशेबात ती वेगळी नाहीच. अर्ध्या कोयत्याची ती भर आहे. अविवाहित मुलगा अर्धा ठरतो, मग घरचे त्याचे लग्न उरकतात. त्या पट्ट्यात मुलींची लग्ने लहान वयात होतात, त्यामागे अन्य कारणे आहेतच, पण कोयता पुरा करण्याची निकड हेही एक आहे.

२०१९ साली एक गोष्ट उजेडात आली, जी या हिशेबाची शेवटची पायरी म्हणता येईल. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याच्या बातम्या आल्यावर शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. सहा जणींमागे एक. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही, दुखणे अंगावर काढायचे, आणि खाडा परवडत नाही. त्यात दवाखान्यात कोणी ‘पिशवी काढून टाका’ म्हटले की तोच मार्ग सोपा वाटतो. समितीचा अहवाल मी इतिहासाचे साधन म्हणून वाचतो. चारशे वर्षांपूर्वीच्या महसुली कागदावरून आपण रयतेची स्थिती जशी वाचतो, तसाच.

कायद्याने या अवजाराकडे कसे पाहिले तेही मोठे मौजेचे आहे. १९५९ चा शस्त्रास्त्र कायदा शस्त्राची व्याख्या करताना केवळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळतो. म्हणून कोयता शस्त्र नाही. मात्र २०२२-२३ च्या सुमारास पुण्यात हाती कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या तरुणांच्या टोळ्यांना वृत्तपत्रांनी ‘कोयता गँग’ म्हटले, आणि कोयत्याच्या विक्रीवर पोलिसांची नजर गेली. वर्तमानपत्राच्या वाचकाला आता कोयता म्हटले की गुंड आठवतो. ज्या लक्षावधी हातांनी तो ऊस तोडण्यासाठीच उचलला, त्यांना या बदनामीचे काय वाटत असेल? कष्टकऱ्यांनी स्वतः मात्र हा शब्द दुसऱ्या अर्थानेही वापरला आहे. त्यांच्या संपाचे नाव ‘कोयता बंद’. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्यासारखे नेते या संघटनांतून पुढे आले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तीही अशाच आंदोलनानंतर. कोयता म्यान करता येत नाही. पण खाली ठेवता येतो, आणि ठेवला की कारखान्याची चिमणी थंड पडते.

राज्याबाहेर कामास जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला होता. बीडहून बेळगावला येणारा तोडकरी त्याच्या व्याख्येत बसावा असे साध्या वाचकाला वाटेल. फडावर त्या कायद्याचे नाव मी कोणाच्या तोंडून ऐकले नाही. शिधापत्रिका त्या राज्यातली, फड या राज्यात, मुकादम तिकडचा, कारखाना इकडचा. सीमाप्रश्नाची एक बाजू ही पण आहे, आणि तिच्यासाठी मोर्चा निघालेला मी पाहिला नाही.

आपण शाळेच्या प्रांगणात बसलो आहोत, म्हणून मुलांविषयी बोलणे प्राप्त आहे. जूनमध्ये या मुलांची नावे गावच्या पटावर चढतात, दिवाळीनंतर ती फडावर असतात. तेथे साखरशाळा निघाल्या, गावाकडे हंगामी वसतिगृहे झाली, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक मुलाचा अधिकार मान्य केला. तरी प्रश्न भाषेचा येतो. सीमेच्या अलीकडच्या फडावरील मराठी मुलाला जवळची शाळा कन्नड असते. माझ्या नोकरीच्या काळात एका वर्षी अशी चार मुले नोव्हेंबरात आमच्या वर्गाच्या मागच्या बाकावर बसू लागली. दाखला नाही म्हणून त्यांना पटावर घेता आले नाही. मुख्याध्यापकांनी बसू दिले एवढेच. त्यांतल्या थोरल्याला, वय असेल बारा, मी अवजारांची चित्रे काढायला सांगितली. इतर मुलांनी कोयता काढला तो पुस्तकातल्यासारखा, चंद्रकोरीचा. याने पात्याची पाठ जाड काढली, टोकाचा बाक बेताचा ठेवला, शेंबी काढली आणि धारेच्या मध्यावर एक खाच दाखवली. ती कशाची, असे विचारता म्हणाला, “गुरुजी, दगुड लागलाय तिथं.” मार्चच्या शेवटी ती मुले दिसेनाशी झाली.

गेल्या काही वर्षांत ऊसतोडणीची यंत्रे आली आहेत. त्यांना सरीतले अंतर अधिक लागते, मोठे सलग क्षेत्र लागते, आणि लोळलेल्या उसात ती अडतात. आपल्याकडची एकर-दीड एकराची तुकडे पडलेली शेते पाहता कोयता लगेच हद्दपार होईल असे मला वाटत नाही. तो हळूहळू कडेकडेच्या, यंत्र न शिरणाऱ्या फडांत ढकलला जाईल, असे दिसते. त्या फडांवर दर टनामागे कष्ट अधिक असतात. दर तेवढाच राहिला, तर झळ कोणाला बसेल हे सांगायला नको.

गाळप संपते त्या दिवसाला आपल्याकडे ‘पट्टा पडला’ म्हणतात. त्या दिवशी भोंगा लांब वाजतो, कोप्या मोडतात, मुकादम चोपडी उघडतो. किती टन, किती खाडे, किती उचल फिटली. फिटली नाही ती बाकी पुढच्या हंगामावर चढते, म्हणजे तो कोयता पुढच्या वर्षीसाठी आजच बांधला गेला. बाई पाते पुसून त्याला तेलाचा हात लावते आणि चिंधीत गुंडाळून भांड्यांच्या पोत्यात, लहान मुलाचा हात पोहोचणार नाही असे, तळाशी ठेवते. गावी गेल्यावर खंडेनवमीला त्यावर हळदकुंकू वाहतात, फारच झिजला असेल तर लोहाराकडून नवा करून घेतात. त्याचे पैसे तोडकरी स्वतः देतो. उचलीच्या हिशेबात कोयत्याची किंमत धरलेली नसते.